तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोफोकस असताना हाताने फिरवायची लेन्स कशाला?

सोलापुरात नवी पेठेत साधा फिल्टर घ्यायला गेलं तरी हा प्रश्न येतो, आणि मांडवात शेजारी उभा असलेला फोटोग्राफरही हेच विचारतो: "मिररलेस बॉडी आहे, डोळा पकडणारा ऑटोफोकस आहे, मग ही हाताने फिरवून फोकस करायची लेन्स कशाला?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "मी घेऊ का?" पहिल्याला मी आजवर "स्वस्त पडते" एवढंच उत्तर देत आलो. त्या अर्धवट उत्तरावर विसंबून दोघातिघांनी लेन्स घेतल्या आणि मग पस्तावले. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतो.

किमतीचं आधी. मूळ कंपनीची ऑटोफोकसवाली ५० एमएम एफ १.२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड, मोठं) लाखाच्या पुढे जाते. टीटीआर्टिझन किंवा सेव्हन आर्टिझन्सची एपीएस-सीसाठीची (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) तेवढ्याच अपर्चरची लेन्स त्याच्या लहानशा अंशात मिळते. पण आता विल्ट्रॉक्स आणि सिग्माच्या एफ १.४ च्या ऑटोफोकस लेन्स परवडणाऱ्या किमतीत आहेत, त्यामुळे फक्त पैसे वाचवायला मॅन्युअल, म्हणजे हाताने फिरवायची, घ्या असं आज मी कुणालाही सांगणार नाही. हे मी पूर्वी सांगत होतो. तेव्हाही ते पूर्ण खरं नव्हतं.

प्रकाशाचा हिशेब करून बघा. एफ १.८ वरून एफ १.२ वर आलं की सव्वादोन पट प्रकाश मिळतो. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे २८०० च्या आसपास भागतं. हा कागदावरचा फायदा झाला. काचा थोडा प्रकाश खातात आणि उघड्या अपर्चरला कोपरे अंधारतात, त्यामुळे हातात येतो तो याहून कमी. तरीही गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत होम मैदानावर रात्री होम पेटल्यावर, ज्वाळेच्या उजेडात माणसांचे चेहरे घ्यायचे असतील तर तो फायदा स्पष्ट दिसतो. आणि रिंग तीन मीटरवर ठेवली की ती तीन मीटरवरच राहते. मध्ये धूर आला, कुणाचा हात आला, तरी फोकस पळत नाही. माझं खरं कारण हे आहे. लोकांना ते पटत नाही, कारण ऑटोफोकसही आता धुरात बरा चालतो. चालतो, मान्य आहे.

आता एक लग्न. विजापूर रोडवरच्या एका कार्यालयातलं. मंगलाष्टकं संपत आलेली, मध्ये अंतरपाट, मी नवरीपासून दीड मीटरवर, लेन्स ५० एमएम, अपर्चर एफ १.२, शटर १/२००. पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) सगळ्यात वरच्या पातळीवर. अंतरपाट खाली आला, नवरीने मान वर केली, हार घेऊन पुढे झुकली. मी अकरा फ्रेम घेतल्या. स्क्रीनवर प्रत्येक फ्रेममध्ये चेहऱ्याच्या कडा रंगाने चमकत होत्या. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर नऊ फ्रेममध्ये मुंडावळ्यांचे मोती कापल्यासारखे धारदार आणि डोळे मऊ. उरलेल्या दोनमध्ये मोतीही नाहीत आणि डोळेही नाहीत. अल्बम बघताना मुलीचे काका म्हणाले, "मोती चकाकायला लागलेत की ओ, पोरीचे डोळे कुठंयत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो क्षण पुन्हा उभा करता येत नाही.

का झालं, ते नंतर मोजलं. एपीएस-सीवर ५० एमएम, एफ १.२, अंतर दीड मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन. मुंडावळ्या गालावरून लोंबतात, मान झुकली की डोळ्यांच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे येतात. पीकिंगला डोळा आणि मोती यातला फरक कळत नाही, त्याला कडांचा कॉन्ट्रास्ट तेवढा कळतो. मोत्यावरचा चमकता ठिपका जरासा फोकसबाहेर असला तरी काजळाच्या रेघेपेक्षा जास्त ठळक कड देतो. त्यात उघड्या अपर्चरला या लेन्समध्ये स्फेरिकल ॲबरेशन असतं: मध्ये धारदार गाभा आणि भोवती धुकट प्रभा. पीकिंग खालच्या पातळीवर ठेवलं तर काहीच रंगत नाही, वरच्या पातळीवर ठेवलं तर सगळंच रंगतं. "पीकिंग लावा, झालं" असं मी स्वतः कितीतरी जणांना सांगितलं होतं. ते चूक होतं.

आणखी एक चूक अंतराची. अंतरपाट मध्ये असताना चेहरा दिसत नाही, म्हणून मी तिच्या हातातल्या हारावर फोकस घेऊन अंदाजाने रिंग मागे सरकवली होती. ती झुकली ते दहा-पंधरा सेंटिमीटर. चार सेंटिमीटरच्या पट्ट्यात तो झोक हाताने सांभाळणं कुणालाही जमलं नसतं. डोळा पकडणाऱ्या ऑटोफोकसला जमलं असतं. एफ २ वर ठेवायला हवं होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत राहिलो; पण एफ २ ला पट्टा सात सेंटिमीटर होतो, तोही अपुराच. एफ ४ ला चौदा. मग एफ १.२ ची लेन्स नेली कशाला? यावर माझं माझ्याशी अजून जमलेलं नाही.

"मी घेऊ का" विचारणाऱ्यांना या काही गोष्टी माहीत हव्यात.

या लेन्सना बहुतेक वेळा विद्युत संपर्क नसतात. मेन्यूत "लेन्सशिवाय शटर" चालू केल्याशिवाय काही बॉडी फोटोच घेत नाहीत. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) वापरायचं असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. आधीच्या लेन्सचे ३५ तसेच राहिले आणि वर ५० चढवली तर भरपाई चुकीच्या मापाने होते.

फोकस मॅग्निफायरने (स्क्रीनवर तेवढा भाग मोठा करून) घ्या, पीकिंगने नको, आणि मॅग्निफायरची चौकट थेट डोळ्यावर न्या. मध्यभागी फोकस घेऊन मग फ्रेम फिरवली तर दोन मीटरवर नऊ अंशांच्या फिरवण्याने दोन-अडीच सेंटिमीटर चूक होते. एफ १.२ ला तिथे तुमच्या हातात पुढे पावणेचार सेंटिमीटर असतात, त्यातला मोठा वाटा असाच जातो. बारीक सुधारणा रिंगने करू नका. रिंग सोडा आणि कंबरेतून पुढेमागे झुला. बाराबंदीसारख्या पांढऱ्या कापडाच्या कडेला जांभळट झाक दिसली तर ते फोकसच्या पुढे आहे, हिरवट दिसली तर मागे. दोन्ही झाकी जिथे मिटतात तिथे फोकस. ही लेन्सची खोड खरी, पण मापायला उपयोगी पडते. होमासमोर पीकिंग ठेवायचंच असेल तर त्याचा रंग निळा करा. ज्वाळेत लाल-पिवळा दिसत नाही.

एफ १.२ वर फोकस घेऊन मग एफ २.८ केलं तर यातल्या अनेक लेन्समध्ये फोकसची पातळी मागे, कानाकडे सरकते. ज्या अपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच फोकस करा. अपर्चर रिंगला क्लिक नसेल तर ती पिशवीतून काढतानाच फिरते. कागदी टेपचा छोटा तुकडा लावा.

सोलापूरच्या उन्हाचंही ऐका. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १.२ साठी शटर १/१७,८०० लागतं. मेकॅनिकल शटर साधारण १/४००० किंवा १/८००० ला थांबतं. एनडी ८ (प्रकाश आठ पट कमी करणारा फिल्टर) लावला की १/२,२०० ला येतं. एवढ्या वेगाला इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची सुरुवात पडद्याऐवजी सेन्सरने करणारी सोय) बंद करा, नाहीतर मागच्या धूसर प्रकाशवर्तुळांची एक कड कापल्यासारखी येते. एप्रिल-मेमध्ये लेन्स गाडीत ठेवू नका. उष्णतेने हेलिकॉइडचं (फोकस रिंगच्या आतल्या आट्यांचं) ग्रीस पातळ होऊन पाझरतं, कधी अपर्चरच्या पात्यांवर चढतं.

घेताना दोन गोष्टी तपासा. रात्री दूरच्या टॉवरचा लाल दिवा उघड्या अपर्चरवर पाहा. रिंग शेवटपर्यंत फिरवण्याआधी तो ठिपका बारीक झाला पाहिजे. रिंग संपली तरी ठिपका मोठाच राहिला तर इन्फिनिटीला, म्हणजे अगदी दूरच्या फोकसला, लेन्स पोचत नाही, ती परत करा. मग विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर ठेवून चारही कोपरे पाहा. एकच कोपरा खराब असेल तर काच तिरकी बसली आहे.

येत्या गड्ड्याला ही लेन्स माझ्या खांद्यावर असेलच, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रिंग तीन मीटरवर ठेवून. लग्नालाही नेतो, पण मेंदी आणि हळदीपुरती. अंतरपाट धरला की दुसरी बॉडी हातात घेतो, ऑटोफोकसची, एफ २.८ वर.