शून्य, पाच, सात, बारा: सी-सिक्स्थवरचे चौदा आठवडे

मी हवाइयन गिटार शिकलो ती एका तारेवर. चाल धरायची, मींड घ्यायची, सूर टिकवायचा. आपल्याकडे बहुतेकांचा हात असाच तयार होतो. गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी या वाद्यावर राग मांडला तोही एकेका सुराच्या बळावर, त्यामुळे त्या शिक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. पण मित्राच्या गाण्याला साथ करायला बसलो की अडायचं. सगळ्या तारा एकाच मेजर कॉर्डमध्ये (सा-ग-प एकत्र) लावलेल्या, मग मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा कॉर्ड, आणायचा कुठून? चौदा आठवड्यांपूर्वी तारा बदलल्या आणि सहा तारांच्या लॅप स्टीलवर (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) सी-सिक्स्थ लावलं, म्हणजे सी मेजरच्या सुरांत ए मिळवलेली जुळवणी.

जाड तारेकडून बारीक तारेकडे सूर असे: सी, ई, जी, ए, सी, ई. मी त्यांना पांढरी एकच्या पट्टीत वाचतो: सा, ग, प, ध, सां, गं. म्हणजे भूपातला फक्त रे मोकळ्या तारांत नाही. एवढं लक्षात आल्यावर ही अक्षरं पाठ करावी लागली नाहीत.

खरी गंमत पुढे. सर्वांत जाड तार सहावी, सर्वांत बारीक पहिली. सहावी, पाचवी, चौथी या तारा छेडल्या तर सा-ग-प, म्हणजे सी मेजर. तिसरी, दुसरी, पहिली छेडल्या तर ध-सां-गं, म्हणजे ए मायनर. बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) जिथे सरळ ठेवाल तिथे मेजर आणि त्याचा जोडीदार मायनर एकत्रच असतात. पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या पाचव्या रेघेवर) एफ आणि डी मायनर, सातव्यावर जी आणि ई मायनर, बाराव्यावर पुन्हा सी आणि ए मायनर. तीन जागा, सहा कॉर्ड. सी स्केलमधल्या बहुतेक गाण्यांचं काम एवढ्यावर भागतं. इतकी वर्षं मी गिटारची मान म्हणजे एक लांब रस्ता समजत होतो. आता त्यावर चार मुक्काम दिसतात: शून्य म्हणजे मोकळ्या तारा, पाच, सात, बारा.

मेजर वरच्या सप्तकात हवा असेल तर चौथी, दुसरी आणि पहिली तार घ्यायची. अंगठा चौथीवर, तर्जनी दुसरीवर, मधलं बोट पहिलीवर. तिसरी तार मधेच उभी आहे आणि ती वाजली की कॉर्ड सिक्स्थ होतो. तो कॉर्ड वाईट नाही, हवाइयन वादनाचा गोडवा त्यातच आहे, पण भावगीताच्या पहिल्या ओळीखाली मला तो नको असतो. पहिले तीन आठवडे नखी त्या तारेला हमखास घासायची. गाणं बाजूला ठेवून नुसतं प-सां-गं, प-सां-गं असं रोज दहा मिनिटं केल्यावर बोटं सुटी झाली.

बाराव्या आठवड्यात सहावी तार अर्ध्या सुराने चढवून सी शार्प केली. आता खालच्या चार तारांत मोकळा ए सेव्हन्थ (मेजरला कोमल नी जोडलेला कॉर्ड) मिळतो. पाचव्या फ्रेटवर डी सेव्हन्थ, सातव्यावर ई सेव्हन्थ, दहाव्यावर जी सेव्हन्थ. बदल्यात सहाव्या तारेवरचा सा गेला, पण जी सेव्हन्थवरून सीवर उतरण्याचं सुख त्याहून मोठं आहे. मेजर आता पाचवी, चौथी, दुसरी या तारांवर वाजवतो.

सुरांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ट्यूनरचा काटा मध्यावर आणून लावलेला गंधार तानपुऱ्याच्या आवाजात थरथरतो. दोन्ही ई तारा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली उतरवल्या आणि तो शांत झाला. पण मग ए तारही सुमारे १६ सेंट उतरवावी लागते, नाहीतर मायनरमधला ध-गं दुखावतो. मोकळ्या तारा अशा लावल्या की बार कुठेही सरळ ठेवा, कॉर्ड तितकाच शुद्ध राहतो. त्या रात्री मी कितीतरी वेळ पाचव्या फ्रेटवरून हललोच नाही.

बार मात्र फ्रेटच्या रेघेच्या बरोबर वर हवा, साध्या गिटारसारखा रेघेच्या मागे नव्हे. आणि मान वाकवून सरळ वरून बघायचं. तिरकी नजर पडली की सूर उतरतो.

सध्या तिरक्या बारवर आहे. पाचव्या आणि दुसऱ्या तारेची जोडी धरून पूर्ण स्केल सिक्स्थमध्ये, म्हणजे ग-सां सारख्या सहा सुरांच्या अंतराच्या जोड्यांत, वाजवायचं. मोकळ्या तारा, पाच, सात, बारा इथे बार सरळ. मधल्या सुरांना दुसरी तार पाचवीच्या एक फ्रेट पुढे (आधी पाचवीचा फ्रेट, मग दुसरीचा): १-२, ३-४, ८-९, १०-११. सरळ जागा पुन्हा त्याच चार निघाल्या, हे कागदावर मांडलं तेव्हा मी उठून उभा राहिलो.

अडचण अंतराची आहे. माझ्या साडेबावीस इंची वाद्यावर पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटमध्ये ३० मिलिमीटर अंतर आहे, दहाव्या आणि अकराव्यात १८. म्हणजे प्रत्येक जागी बारचा कोन वेगळा. म्हणून उलटीकडून सुरुवात केली: आधी १०-११, मग ८-९. या दोन जागा तानपुऱ्यावर आता स्थिर लागतात. ३-४ वर दुसरी तार सुरात येते तेव्हा पाचवी अजून कणसूर राहते, आणि १-२ ला हात घातलेला नाही.