तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ 2025 चं, मग 1866 कशाला?

एच-वन-बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांचं न्यू जर्सीत जन्मलेलं बाळ अमेरिकन की नाही, हा आजचा प्रश्न. त्यासाठी यादवी युद्धानंतरचा इतिहास कशाला उकरायचा, असं हमखास विचारलं जातं. कारण एकच: कोर्टात दोन्ही बाजूंनी तोच उकरला.

20 जानेवारी 2025 चा ट्रम्प यांचा आदेश सांगतो की आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर मूल जन्माने नागरिक नाही. आता चौदावी घटनादुरुस्ती (1868) बघा: अमेरिकेत जन्मलेले 'आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेले' सगळे नागरिक. भांडण या मधल्या चार शब्दांचं आहे.

वाचायला सुरुवात 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालापासून करा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, मग ते मुक्त का असेनात, नागरिक होऊच शकत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं होतं. दुरुस्ती आली ती हे पुसायला. त्यानंतर या दुरुस्तीच्या मसुद्यावरची 30 मे 1866 ची सिनेटमधली चर्चा घ्या. भल्याभल्यांचा पाय इथे घसरतो. नागरिकत्वाचं हे कलम मांडणारे सिनेटर जेकब हॉवर्ड म्हणाले की यात परकीय, विदेशी, राजदूतांच्या कुटुंबातले लोक येणार नाहीत. हे तीन वेगळे गट मानले तर आदेशाला बळ मिळतं. राजदूतांच्या घरच्यांचंच ते वर्णन मानलं तर आदेशातली हवा जाते. स्वल्पविरामावर एवढं ओझं क्वचितच पडलं असेल! समाजमाध्यमांवर फिरतं ते हेच वाक्य, पुष्कळदा 'विदेशी'पाशी तोडलेलं.

तिथे थांबू नका. त्याच चर्चेत कलमाचे विरोधक, पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर एडगर कोवन यांनी विचारलं, मग चिनी आणि जिप्सी लोकांची मुलंही नागरिक होणार का? कलमाचे समर्थक, कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस यांनी चिन्यांच्या मुलांबाबत सरळ 'हो' म्हटलं. स्वल्पविरामापेक्षा मला हे सवालजवाब वजनदार वाटतात, कारण विरोधकाला आणि समर्थकाला मजकुराचा अर्थ एकच लागला होता.

पुढे वाँग किम आर्क यांचा खटला. चिनी आईबापांपोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चीनहून परतताना 1895 मध्ये 'तू नागरिक नाहीस' म्हणून अडवलेला. 1898 मध्ये तो सुप्रीम कोर्टात 6 विरुद्ध 2 असा जिंकला. मात्र निकालात आईबापांच्या कायम वास्तव्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, आणि व्हिसावरचे लोक कायमचे कुठे, असं आदेशाचे समर्थक विचारतात. हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. पण तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ग्रे यांची मांडणी उभी आहे ती इंग्लिश कायद्यातल्या जन्मभूमीच्या तत्त्वावर, आणि त्यांचे अपवाद मोजके: मुख्यतः राजदूतांची मुलं, प्रदेश बळकावलेल्या शत्रूची मुलं आणि मूळ अमेरिकन टोळ्यांत जन्मलेली मुलं. (टोळ्यांचा प्रश्न 1924 च्या कायद्याने मिटवला.)

'1866 मध्ये बेकायदा आलेले लोक नव्हतेच' हा युक्तिवादही तपासून घ्या. बाहेरून गुलाम आणायला 1808 पासून बंदी होती, तरी चोरून आणले गेलेच. त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना दुरुस्तीने वगळलं नाही.

आपल्या लोकांच्या चर्चेत पंजाबहून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंड यांचा 1923 चा खटला हटकून येतो, आणि तिथे गल्लत होते. तो अर्ज करून मिळणाऱ्या नागरिकत्वाचा खटला होता. त्यातली 'गोरा' असण्याची अट 1790 च्या कायद्यापासून चालत आलेली. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला ती कधीच लागू नव्हती. वाँगच्या आईबापांनाही अर्ज करून नागरिक होता येत नव्हतं, तरी वाँग जन्माने नागरिक ठरलाच.