औषधाला दाद न देणाऱ्या पेशींचा आलेख

पीएचडीसाठी एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश, मी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवली. औषधाला न जुमानणाऱ्या तिच्याच पेशी मात्र स्वतःच घडवायच्या, हे आधीच ठरवलं होतं. एमसीएफ-७/एडीआर नावाने जगभर वर्षानुवर्षं वापरलेली प्रतिरोधी लाइन मुळात स्तनाची नव्हतीच. ती अंडाशयाच्या कर्करोगाच्या ओव्हीकार-८ पेशींतून आलेली निघाली. दोन्ही पेशी एकाच मुळाच्या नसतील, तर तुलनेला अर्थ काय?

म्हणून डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचा अगदी बारीक डोस द्यायचा आणि पेशी सावरल्या की तो थोडा वाढवायचा. हे महिनोन्‌महिने चाललं.

औषधाचा पेशींवर होणारा परिणाम मी विजेने मोजला. मोजणीची ही पद्धत आयव्हर गिएव्हर आणि चार्ल्स कीस यांची, १९८४ सालची. गिएव्हर हे १९७३ च्या भौतिकीच्या नोबेलचे मानकरी. पेशी वाढवायच्या छोट्या खळग्याच्या, म्हणजे ‘वेल’च्या तळाशी पाव मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा इलेक्ट्रोड असतो आणि त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. पेशी बसून पसरल्या की त्यांचं आवरण विजेला अडवतं आणि इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, चढतो. ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रवाह पेशींच्या खालून आणि फटींतून वाट काढतो. वारंवारता बरीच वाढवली की तो आवरणातूनच पार होतो. त्यामुळे पेशी एकमेकींना किती घट्ट धरून आहेत आणि इलेक्ट्रोड किती झाकला गेलाय, हे वेगवेगळं कळतं. या अडथळ्याच्या आलेखात जिवंत पेशींची रेषा सतत थरथरत असते, कारण त्या जागच्या जागी हलत असतात. मेल्या की ती रेषा गुळगुळीत होते. हे मला आजही विलक्षण वाटतं.

औषध घातल्यावर मूळ पेशींची रेषा घसरत गेली ती गेलीच. प्रतिरोधी पेशींची थोडी खाली आली आणि पुन्हा चढली. एमटीटी चाचणीत ठरावीक वेळी किती पेशी जगल्या एवढंच दिसतं. हे सावरणं तिथे हातातून निसटलं असतं.

पण खरं काम पुढे होतं. प्रतिरोधी पेशी औषधाविनाही वेगळ्या चिकटतात, त्यामुळे त्यांचा आलेख सुरुवातीपासूनच निराळा असतो. तो फरक म्हणजेच प्रतिकार, असं म्हणणं चूक ठरेल. म्हणून प्रत्येक वेलचं माप त्याच्याच औषधापूर्वीच्या मापाने भागलं. मग व्हेरापामिल घेतलं. हे रक्तदाबाचं औषध पी-ग्लायकोप्रोटीनला, म्हणजे ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये दाखवलेल्या प्रथिनाला अडवतं. हे प्रथिन औषध पेशीबाहेर उपसून टाकतं. दोन्ही औषधं एकत्र दिल्यावर प्रतिरोधी पेशींची रेषाही कोसळली. नुसत्या व्हेरापामिलचे वेल शेजारी ठेवलेच होते, कारण ते कॅल्शियमच्या वाटाही बंद करतं आणि त्याने पेशींची पकड बदलू शकते.

तरीही कुठला रेणू जबाबदार, हे वीज सांगत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं, त्यामुळे ते पेशीत किती टिकलं हे दिसतं. व्हेरापामिल दिलेल्या प्रतिरोधी पेशींत ती चमक वाढलेली होती.

आता हेच पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधावर करतेय. तेही त्याच पंपाने बाहेर फेकलं जातं, पण पेशीचा आतला सांगाडा जखडून तिचा आकार बदलतं. म्हणजे पेशी मरण्याआधीच रेषा हलते, आणि ती हालचाल मरणापासून वेगळी काढायची आहे.