चिप आधी, मग लस: जळगावातली आमची वाटचाल

जळगावात आम्ही नवरा-बायकोने प्राण्यांचं खाद्य आणि पट्टे-साखळ्यांचं दुकान टाकलं, त्याला आता बारा वर्षं होतील. लोक लग्नाला, देवाला जाताना कुत्री आमच्याकडे ठेवून जायला लागले, म्हणून मागच्या पडवीत चार खोल्या बांधल्या. प्राणी परदेशी पाठवण्याचं काम डोक्यातही नव्हतं. ते मोतीमुळे आलं.

मोती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला गावठी कुत्रा. घरातला मुलगा आधी पुण्याला आणि तिथून नोकरीसाठी जर्मनीला गेला. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, तसा मुलगा म्हणाला, मी सुट्टीवर येतो, मोतीला सोबत घेऊन जातो. काकू दुकानात आल्या आणि विचारलं, "बाई, आमना कुत्राले बी पासपोर्ट लागस का?" मी काम घेतलं. लसीचं पुस्तक आहे, डॉक्टरांचा दाखला घेऊ, तिकीट काढू, एवढीच माझी समजूत होती.

पुस्तक अगदी नीट होतं. दरवर्षीची रेबीजची लस, तारीख, बाटलीवरचं स्टिकर, सही, शिक्का. कातडीखाली बसवायची ओळखीची चिप तेवढी नव्हती. ती बसवून घेतली आणि त्याच आठवड्यात कागद पुढे पाठवले. उत्तर आलं, लस चिपच्या आधीची आहे, धरता येणार नाही. युरोपात चिपवरचा १५ आकडी नंबर हीच जनावराची ओळख. तो नंबर नसताना टोचलेली लस याच कुत्र्याला टोचली, हे कागदावरून सिद्ध होत नाही. म्हणजे लस पुन्हा. त्यानंतर किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक निघायला हवीत. यालाच या धंद्यात टायटर म्हणतात. आणि रेबीजचा धोका कमी असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नसल्यामुळे रक्त काढल्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचं.

हे सांगायला भुसावळला गेले तेव्हा काकूंच्या घरात सामान बांधून ठेवलेलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत, मोतीला जवळ घेऊन बसल्या. पुढचे चार-साडेचार महिने मोती आमच्या पडवीत राहिला. त्याचे पैसे आम्ही घेतले नाहीत, कारण चूक आमची होती.

तेव्हापासून कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न चिपचा. चिप बसली की लगेच मशीन फिरवून नंबर वाचायचा, पुस्तकात लिहायचा आणि मगच लस. पुढचे बूस्टरही वेळेवर हवेत. तारीख एक दिवस जरी उलटली तरी ती लस पहिलीच धरली जाते आणि टायटरही पुन्हा करावं लागतं. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर सणांपेक्षा या तारखांच्याच खुणा जास्त दिसतात.

खानदेशातलं ऊन ही आमची वेगळी परीक्षा. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. रक्त पहाटे काढायचं, सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ भाग, लगेच वेगळं करून घ्यायचं आणि बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या डब्यात भरून रात्रीच्या गाडीने मुंबईला न्यायचं. एकदा डबा कुरिअरने दिला आणि नमुना वाटेत खराब झाला. कुत्र्याला पुन्हा सुई आणि मालकाचे महिने वाया. आता डबा आमच्यातलंच कुणीतरी मांडीवर घेऊन जातं.

शेवटचे दहा दिवस फार धावपळीचे. युरोपसाठीचं आरोग्य प्रमाणपत्र तिथे पोहोचेपर्यंत १० दिवसच चालतं. ते केंद्र सरकारच्या पशू क्वारंटाइन केंद्रातून मिळतं, आणि ही केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू अशा मोठ्या शहरांतच आहेत. प्राणी तपासणीसाठी स्वतः हजर लागतो. म्हणून आम्ही दोन दिवस आधीच मुंबई गाठतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघायचं, धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्ग धरायचा आणि दर दोन तासांनी थांबून पाणी द्यायचं. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं तर तो व्यापारी माल समजला जातो आणि नियमच बदलतात, म्हणून माणसांची तिकिटंही आम्ही आधी मागून बघतो.

क्रेटचं, म्हणजे प्राण्याला विमानातून न्यायच्या पेटीचं माप मात्र मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, तेवढी क्रेटची लांबी. खांद्यापाशी जेवढी रुंदी, त्याच्या दुप्पट क्रेटची. आत उभं राहता, वळता, पसरून झोपता आलं पाहिजे. क्रेट महिनाभर आधी घरी ठेवून जेवण त्यातच द्यायला सांगते. झोपेचं औषध मागणारे खूप भेटतात. आम्ही नाही म्हणतो. विमानात गुंगीत असलेल्या जनावराचा श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा तर मे महिन्यात आम्ही घेतच नाही, कितीही पैसे दिले तरी. दिवाळीनंतर या, असं सांगतो. अशी कामं दुसरीकडे गेली आहेत, तरीही.

ब्रिटनला कुत्रा नेताना पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीचं औषध द्यावं लागतं आणि ती वेळ डॉक्टरांनी कागदावर लिहायची असते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट घेतच नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात राहावं लागतं. अशा वेळी मी घरच्यांना स्पष्टच सांगते, जनावर म्हातारं असेल तर त्याला इथेच आजी-आजोबांजवळ राहू द्या.

मोती गेला त्या रात्री काकूंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा क्रेटमध्ये अंथरला होता. मुलाने फ्रँकफर्टहून फोटो पाठवला, त्यात मोती त्याच तुकड्यावर झोपलेला. फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय. तेव्हापासून प्रत्येक घराकडून मी वापरलेलं, न धुतलेलं एक कापड मागून घेते.

सध्या पडवीत अमळनेरची एक मांजर आहे, तिला नेदरलँड्सला जायचंय. तिची चिप महिन्यापूर्वी बसली, त्याच दिवशी लस झाली. परवा पहाटे तिचं रक्त काढायचं आहे. आज बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये टाकल्या आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं.