छोटं लेथ बसवताना बबलच्या मागे लागू नका

मिनी लेथ (धातूचा बार फिरवत ठेवून कापणारं छोटं मशीन) घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, लेव्हल कशी करायची? मग गवंड्याकडची पाणसळ बेडवर (लेथच्या खालच्या लांब पायावर) ठेवून बबल मधोमध आणायची खटपट सुरू. खरं सांगू का, लेथला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. जहाजांवर पण लेथ असतात, तिथे समुद्र कुठे लेव्हलमधे असतो, तरी जॉब (कापायचे तुकडे) बरोबर निघतात. बघायचं एवढंच की बेडला पीळ पडलेला नाही ना.

आणि पीळ बहुतेकदा आपणच घालतो, बोल्ट आवळताना. टेबल वाकडं असेल तर एखादा पाय अधांतरी राहतो, तो आपण पाना लावून खाली ओढतो, म्हणजे बेडच ओढतो. म्हणून रबरी बूट काढून मशीन आधी नुसतं ठेवा, चारही कोपऱ्यांत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, जिथे फट तिथे तेवढीच शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा. ब्रासची शिम नसेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चालतो, साधारण ०.१ मिमी भरतो. चांगली मशीनिस्ट लेव्हल मिळाली (एका रेघेला ०.०२ मिमी प्रति मीटरवाली) तर क्रॉस स्लाइडवर (टूल आत-बाहेर नेणारा भाग) आडवी ठेवून कॅरेज (बेडवर सरकणारा टूलचा गाडा) चककडून (जॉब पकडून फिरवणारा भाग) टेलस्टॉककडे (समोरच्या टोकाचा आधार) न्या, बबल दोन्हीकडे सारखा हवा, मधोमध नसला तरी चालेल. मग बोल्ट आवळा, नजर बबलवर. पाना जरासा फिरवला की बबल सरकतो, बिडाचा बेड पण वाकतो बरं का.

लेव्हल महाग वाटली (वाटतेच) तर सरळ कट मारून बघा. २५ मिमीचा बार चकमधे धरून शंभरेक मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार नको, मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन पट्टे ठेवा, एकाच सेटिंगवर दोन्हीवरून बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. मोकळं टोक जाड निघालं तर टेलस्टॉककडचा आपल्या बाजूचा पाय किंचित उचला, बारीक निघालं तर पलीकडचा. पुढचा पाय उचलला की कॅरेज मागे कलते आणि टूल जॉबकडे सरकतं, एवढंच गणित. फक्त टूल धारदार हवं, बोथट टूलने बारच दबतो आणि टोक जाड येतं, मग बसा उगाच शिमा घालत.

प्लायवूडच्या टेबलावर असेल तर पावसाळ्यात परत तपासा, लाकूड फुगतं. मी तरी लोखंडी अँगलचा स्टँडच करा म्हणेन. आणि हे सगळं होईपर्यंत टेलस्टॉकच्या सेंटरला (जॉबला टेकणाऱ्या टोकाला) हात लावू नका, बेड सरळ झाल्याशिवाय त्याचं काही खरं नाही.