उशीवरचा थेंब

माझी शिडाची बोट चाळिशी ओलांडलेली आहे. चाळिशीत माणसाच्या डोळ्यांचं जे होतं, ते तिच्या हॅचचं झालं होतं. पुढच्या केबिनच्या छतातली ही झडप उताणं झोपलं की बरोबर नजरेसमोर येते. पण उन्हाने तिचं ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, पिवळं पडलेलं, आत कोळिष्टकासारख्या बारीक भेगा. चांदणं सोडाच, दिवस उजाडला एवढंच काय ते कळायचं. एकदा मी ते ॲसिटोनने पुसलं. हा उद्योग कुणी करू नये. भेगा दुप्पट झाल्या.

पाऊस आला की उशीवर थेंब पडे. गंमत म्हणजे हॅच तिथून हातभर लांब. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी उशी दुसऱ्या टोकाला नेली. तिकडे केबिन निमुळती होते, त्यामुळे डोकं सांदीत आणि पाय ऐसपैस. दोन पावसाळे असेच काढले.

शेवटी नवी हॅच आणली. जुन्या मापाची आता बनत नाही. लांबी-रुंदी जुळली तरी कोपऱ्यांची गोलाई जुळेना, म्हणून भोक थोडं कापून वाढवावं लागलं. जुनी काढणं त्याहून अवघड. ॲल्युमिनियमची चौकट, स्टेनलेसचे स्क्रू आणि मधे खारं पाणी. या संगतीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. सोळापैकी अकरा स्क्रू निघाले. बाकीच्यांची नुसती डोकी.

चौकट उचलली आणि थेंबाचा रस्ता सापडला. डेक, म्हणजे केबिनचं हे छत, म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड. कापलेल्या कडेला ते लाकूड उघडंच ठेवलेलं, त्यामुळे पाणी तिथून शिरून आतल्या आत उशीपर्यंत झिरपायचं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. बाहेर आला तो चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला भुगा. आधीच्या मालकाने वरून सिलिकॉनचे थरावर थर दिले होते. असं वरून फासलेलं सिलिकॉन गळती थांबवत नाही आणि त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटतही नाही. तो समोर असता तर दोन शब्द सुनावले असते.

मग कुजका भाग कोरणं, वाळवणं, घट्ट इपॉक्सी, म्हणजे टणक होणारा गोंद, भरणं. त्यातच लक्षात आलं की डेकला बाक आहे आणि नवी चौकट सपाट. नुसती ठेवली तर लंगड्या पाटासारखी डुगडुगे. स्क्रूने आवळून बसवायचा मोह झालाच, पण तशाने चौकट पिळवटते आणि झाकण नीट मिटत नाही. कडेला इपॉक्सीचाच ओटा चढवून घासत बसलो. वर ब्यूटिल टेप, म्हणजे फट बुजवणारी मऊ, चिकट पट्टी. स्क्रू एका दमात आवळले नाहीत. रोज थोडे, पाच-सहा दिवस. दर वेळी कडेने टेपची करडी रेघ जराशी बाहेर यायची, ती नखाने काढायची. सगळ्या कामात मजा आली ती एवढीच.

परवा रात्रभर पाऊस झाला. सकाळी गादीवरून हात फिरवला, कोरडी ठणठणीत. आता वर ढग कसे लख्ख दिसतात. फक्त मला ते पायांकडे बघत मान उचलून बघावे लागतात, कारण उशी अजून त्या सांदीतच आहे.