अडीच फुटाची आपली गाडी

मागच्या दिवाळीनंतर अण्णांना घेऊन नागपूरला गेलो होतो, काम दुसरंच होतं, पण लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं की काहीही करून यांना मोतीबागेतलं नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाड्यांचं, म्युझियम दाखवायचं. आम्ही मूळचे लातूरजवळच्या मुरूडचे. अण्णांचं कॉलेजपर्यंतचं आयुष्य तिथल्या बार्शी लाईट या छोट्या गाडीच्या शिट्टीवर गेलंय, आणि ती गाडी बंद पडून गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदललं तेव्हापासून तो विषय निघाला की ते थोडं बोलतात आणि गप्प बसतात.

मोतीबाग म्हणजे मुळात नॅरोगेजचं वर्कशॉप, बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातलं, तिथे १४ डिसेंबर २००२ ला हे म्युझियम सुरू झालं. वाफेची इंजिनं, जुने डबे, कंदील, टेलिफोन, तिकिटं, बाहेर पोरांसाठी छोटी गाडी. नागपूर-छिंदवाड्याची खरी नॅरोगेज २०१५ ला बंद झाली, त्यामुळे आता त्या भागातल्या लोकांनाही ही गाडी बघायची तर इथेच यावं लागतं.

मला वाटलं होतं अण्णा आधी इंजिनाकडे जातील. ते गेले रुळाकडे. चप्पल काढली, एक पाय या रुळावर ठेवला आणि दुसरा त्या रुळावर, आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, अण्णा काय करताय, पडाल. तर म्हणाले, "माप बघतोय रे. तेच आहे. लहानपणी एवढं अंतर टाकता येत नव्हतं, सातवीत गेलो तेव्हा पहिल्यांदा दोन्ही पाय पोचले." अडीच फूट. म्हणजे ७६२ मिलिमीटर. सातपुड्यातल्या गाड्यांचं आणि आपल्या बार्शी लाईटचं गेज एकच, हे मला माहीत होतं वाचून, पण अण्णांना ते पायानं माहीत होतं.

आता बार्शी लाईटबद्दल जरा सविस्तर लिहितोच कारण लातूरमधल्या आजच्या पोरांना ती फक्त 'पूर्वी एक छोटी गाडी होती' एवढीच माहिती असते आणि मला ते फार लागतं. ती साधीसुधी गाडी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आलेला, त्यानं बघितलं की बार्शी एवढी मोठी बाजारपेठ आणि मोठ्या रेल्वेपासून वीसेक मैल लांब. मोठी लाईन टाकायला खर्च परवडत नाही, म्हणून त्यानं सगळं गणित उलटं मांडलं. इंजिन असो की मालाचा डबा, एका एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनापेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. वजन सगळीकडे सारखं वाटलं गेलं की हलके रूळ चालतात, आणि हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येतो. लोकांना पटावं म्हणून त्यानं १८९४ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून डबे चालवून दाखवले. १८९७ ला कुर्डूवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, तेव्हा कुर्डूवाडीला बार्शी रोड म्हणायचे. इंजिनं लीड्सच्याच किटसन कंपनीची. पुढे १९०६ ला पंढरपूर जोडलं, १९११ ला गाडी लातूरला आली, १९२७ ला मिरजेला पोचली. सगळी मिळून २०२ मैल. १९५४ ला सरकारनं ताब्यात घेतली. आणि हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातल्या माणसांसाठी पॅराशूट बनवायच्या मागे लागला, त्याला नाव दिलं गार्डियन एंजल. आपल्या ढोकी-मुरूडच्या रुळांमागे असा माणूस होता हे शाळेत कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आणि धाराशिव शहराला तेव्हा स्टेशनच नव्हतं हेही आता बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. जुनी लाईन शहराला बाजूला ठेवून जायची, तिकडच्या लोकांना येडशीला येऊन गाडी धरावी लागायची, ब्रॉडगेज करताना रस्ता वळवला तेव्हा शहराला गाडी मिळाली.

त्रास होताच. कुर्डूवाडीला गेज बदलायचं म्हणजे माणसं तर पळत जाऊन मुंबईची गाडी पकडायची पण माल? लातूरच्या आडतीतून निघालेलं प्रत्येक पोतं तिथे हमालांनी छोट्या डब्यातून काढायचं आणि मोठ्या डब्यात टाकायचं. अण्णांचे मामा आडतीवर दिवाणजी होते, ते म्हणायचे म्हणे की पोतं लातुरात भरताना एक वजन आणि पलीकडे उतरताना दुसरं. म्हणून ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं, यात मला शंका नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिली गाडी एप्रिलमध्ये, दहा वॅगन, पाच लाख लिटर. आम्ही घागरी लावून बसणाऱ्यांपैकी होतो, त्यामुळे ते दिवस विसरणं शक्य नाही. मिरज-पंढरपूर-कुर्डूवाडी-लातूर, म्हणजे बार्शी लाईटनंच जोडलेली गावं. छोटी लाईन आधी पडली नसती तर मोठी कशाच्या मागे आली असती, असं मला त्या वेळी सारखं वाटायचं.

तर म्युझियममध्ये तिकिटांच्या कपाटापाशी अण्णा थांबले आणि शर्टाच्या खिशातून डायरी काढली. डायरीत एक जुनं पुठ्ठ्याचं तिकीट. कुर्डूवाडी ते मुरूड. मला पन्नास वर्षांत, म्हणजे माझ्या सगळ्या आयुष्यात, हे तिकीट घरात आहे हे माहीत नव्हतं. कडा मऊ झालेल्या, मधली छपाई पुसट, पण तारखेचा मशीनचा ठसा अंगठ्याला अजून लागतो, कारण ते शाईपेक्षा दाबानंच उमटायचं. खिडकीत तिकीट घातलं की मशीनमध्ये टक्क आवाज यायचा, तो अण्णांनी तोंडानं काढून दाखवला. त्या दिवशी मुरूडला तिकीट घ्यायला गेटवर कुणी नव्हतं म्हणून ते खिशातच राहिलं, आणि मग टाकवेना. तिथल्या कर्मचारी दादांनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं, नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, हे मुरूड कुठं आलं काका? अण्णांनी त्यांना दहा मिनिटं सांगितलं. एकटा ड्रायव्हर गाडी कशी सोडू शकायचा नाही, स्टेशनमास्तरनं पुढच्या स्टेशनशी बोलून मशीनमधून गोळा काढून दिल्याशिवाय पुढची लाईन मोकळी धरायची नाही, तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवायचे आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून हातात कडं ओवून घ्यायचा. ते दादाही ऐकत उभे राहिले.

लातूरला आता हरंगुळकडे कोच फॅक्टरी झालीय. तिच्या गेटसमोर बार्शी लाईटचा एक डबा, शंभर फूट अडीच फुटाचा रूळ आणि एक तिकिटाचं मशीन ठेवायला कितीशी जागा लागेल? कुर्डूवाडीचं वर्कशॉप मूळचं याच लाईनचं, तिथे हात घालणारी माणसं आहेत. ज्यांनी ही गाडी चालवली, ज्यांनी पोती उतरवली ते सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना खुर्ची टाकून बसवा आणि बोलू द्या, बाकी पाट्या नंतर लावता येतील. मी याबद्दल अर्ज लिहायला घेतलाय, मुरूड-ढोकी-येडशीच्या कुणाकडे फोटो किंवा तिकिटं असतील तर जपून ठेवा.

परत येताना गाडीत अण्णांना म्हटलं, उन्हाळ्यात माथेरानला जाऊ, नेरळहून वर जाते ती गाडी, १९०७ ची आहे. त्यांनी आधी विचारलं, गेज किती? म्हटलं दोन फूट. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग डायरीतलं तिकीट नीट आत सरकवत म्हणाले, "म्हणजे आपली मोठी."